पुढून बांधायचे बंद

माझे शरीर माझ्या मालमत्तेत मोडते का? हा प्रश्न मी वकीलकाकांना विचारला आणि त्यांना उत्तर देता आले नाही. मलाही येत नाही. तरी तो पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पुढची सगळी कलमे त्याच्याच पोटातून निघाली आहेत.

वकीलकाका माझ्या वडिलांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या कचेरीतल्या कपाटाचे कुलूप दर हिवाळ्यात अडकायचे आणि दर हिवाळ्यात बाबा ते सोडवून द्यायचे. त्या ओळखीवर काका मला फुकट सल्ला देतात आणि वर दटावतात.

"पोरी, घर लिही, भांडीकुंडी लिही, बँकेतलं लिही. शरीर कोणी लिहीत नाही."

"का?"

"विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, मग मालमत्ता कसली? हवं तर डोळे लिही. डोळे दान करता येतात."

"म्हणजे मेल्यावर ते माझं?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "तू शास्त्र शिकवतेस ना शाळेत? मग कायद्यात कशाला शिरतेस? मी सांगतो तसं लिही."

त्यांनी सांगितले तसे लिहिते. मी, खाली सही करणारी, वय वर्षे सव्वीस, शाळेत शास्त्राची शिक्षिका, कुलूपकिल्लीवाल्याची आणि शिवणकारखान्यात काजबटण करणाऱ्या बाईची एकुलती एक मुलगी, घरातली पहिली पदवीधर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. त्याची एक झडप जन्मापासून अरुंद आहे आणि ती कधी दगा देईल हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून मैत्रिणी ज्या वयात पडद्यांचे कापड निवडत आहेत, त्या वयात मी हे लिहायला बसले आहे. दुसरेही एक कारण आहे. माझ्यानंतर कोणी माझ्या नवऱ्याला लोकसंख्या कार्यालयात बोलावून "बायकोला मूल होण्यापासून तूच अडवलंस का" असे विचारले, तर त्याने हा कागद पुढे करावा.

काकांनी ह्या ठिकाणी "राजीखुशीने" हा शब्द घालायला सांगितले होते. तो मी तूर्त घालत नाही. आईच्या कागदावर तो आधीच छापलेला होता. माझ्या कागदावर तो शेवटी येईल.

कलम पहिले: घर.

माझ्या नावावर घर नाही. शाळेच्या आवारात शिक्षकांसाठी नवी घरे बांधली आहेत, स्वयंपाकघरात पूर्वेचे ऊन येईल अशी. एक मला मिळायचे होते. पण ती घरे पहिले बाळ झाल्याशिवाय देत नाहीत, आणि दुसरे झाल्यावर एक खोली वाढवून देतात. मुख्याध्यापकबाई मला ते घर दाखवायला स्वतः घेऊन गेल्या. ओट्यावर हात फिरवत म्हणाल्या, "बघा, तुमच्या उंचीचा आहे. आता मनावर घ्या."

मी मनावर घेतलेच होते. हे इथे स्वच्छ लिहिते, कारण माझ्यामागे लोक म्हणतील की शिकलेल्या मुलींना मुले नकोच असतात. मला बाळ हवे होते. त्या रिकाम्या घराच्या खिडकीत उभी असताना मी मनातल्या मनात पाळण्याची जागासुद्धा ठरवली होती, उन्हापासून जरा अलीकडे. पण मला जे हवेसे वाटे, ते माझ्याआधी दुसऱ्या कोणाला तरी हवे झालेले असे: कार्यालयाला, मुख्याध्यापकबाईंना, रस्त्यावरच्या भिंतीला. माझी इच्छा घेऊन मी जिथे जाई तिथे रांग लागलेली.

भिंतीचे सांगते. लोकसंख्या कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर मी लहान असताना एक चित्र होते: आई, बाप आणि मधे एक मूल. तेव्हा नियम एकाच मुलाचा होता. आता नियम उलटला आहे, माणसे कमी पडतात म्हणे. कार्यालय मात्र तेच, बाकही तेच. रंगाऱ्याने नवे चित्र काढायचा कंटाळा केला आणि जुन्याच आईबापांभोवती आणखी तीन मुले रंगवली. आईचा चेहरा बदललेला नाही. तिला कोणी काही सांगितलेले दिसत नाही.

कलम दुसरे: वडिलांची हत्यारे.

कानशी, चिमटे, आकडे, लहान शिकंजा आणि कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांचा जुडगा, हे सर्व बाबांच्या जागेवर आता बसणाऱ्या कुलूपवाल्याला द्यावे. अट एकच. बाबांचा नियम त्यानेही पाळावा. मालक समोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने "उघडा" म्हणाल्याशिवाय बाबा कुलपाला हात लावत नसत. एकदा एक माणूस भावाच्या खोलीचे कुलूप उघडून मागत होता, हातात भावाची चिठ्ठीही होती. बाबा म्हणाले, "चिठ्ठी काय, मीही लिहीन. भावाला घेऊन या." गिऱ्हाईक चिडून गेले. घरी आई हसून म्हणाली, "तुम्ही उपाशी मराल एक दिवस." बाबा म्हणाले, "पण कोणाच्या घरात शिरून नाही मरणार."

त्याच बाबांनी आईच्या कागदावर सही केली होती.

मी पोट कापून जन्मले. आई भुलेत होती. बाहेर कारखान्याच्या मुकादमबाई कागद घेऊन उभ्या होत्या: एकच मूल असणाऱ्यांनाच कारखान्याच्या खोल्या, आणि पोट उघडलेलेच आहे तर आताच नळ्या बांधून टाकू. बाबांनी सही केली. साक्षीदार म्हणून मुकादमबाईंनी केली. आई शुद्धीवर आली तेव्हा तिच्यापुढे मला धरले, बाकी काही सांगितले नाही.

नियमाची भीती होती तरी आई दुसऱ्या बाळाची वाट बघत राहिली. मी वाचायला शिकले, शाळेत जाऊ लागले, तरी वाट बघतच होती. शेवटी ती एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासले आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं ऑपरेशन झालेलं आहे. विसरलात?"

ती घरी आली तेव्हा बाबा जमिनीवर बसून एक कुलूप घासत होते आणि मी पलीकडे बेरजा करत होते. आईने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी कानस ठेवली. "खोली गेली असती."

"मला विचारायचं."

"तू शुद्धीत नव्हतीस गं."

"मग मी शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं."

त्या दिवसापासून शेवटपर्यंत बाबा आमच्याच खोलीचे दार वाजवून आत येत. दार उघडे असले तरी वाजवत. आई "या" म्हणेपर्यंत बाहेर थांबत. शेजारी हसायचे. आईने कधी "या" म्हणायला उशीर केला नाही आणि कधी "वाजवू नका" असेही म्हटले नाही. बाबांवरचा राग मी ह्या हत्यारांबरोबर देऊन टाकावा असे पुष्कळदा ठरवले. जमत नाही. तो माझ्याकडेच राहू द्यावा. त्यांची आठवणही त्याच डब्यात आहे, आणि वेगळी करता येत नाही.

कलम तिसरे: मुकादमबाई.

ह्यांना मी काहीही ठेवत नाही. एक प्रसंग तेवढा नोंदवते.

आईच्या कारखान्यात गणवेश शिवतात, आणि सरकारी दवाखान्यांचे हिरवे झगेही. शस्त्रक्रियेच्या वेळी घालतात ते, मागे बंद असलेले. मागचे बंद आपले आपल्याला बांधता येत नाहीत. दुसरे कोणी तरी बांधते आणि दुसरेच कोणी तरी सोडते. डॉक्टरीणबाईंकडून आल्यानंतर आईने शिवलेल्या पहिल्याच गठ्ठ्यात सगळ्या झग्यांचे बंद पुढे निघाले.

"हे काय गं? बंद पुढे?" मुकादमबाई ओरडल्या.

"चुकलं," आई म्हणाली.

"एक चुकेल, दोन चुकतील. सगळे? इतकी वर्षं हात बसलाय तुझा!"

"बाई, कापड तुमचं, मशीन तुमचं, खोली तुमची. चूक तरी माझी असू द्या."

आजूबाजूच्या मशिनी थांबल्या म्हणे. मुकादमबाईंनी सगळे झगे उसवायला लावले आणि आईने ते मान खाली घालून उसवले. एक मात्र डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला. तो धुऊन, घडी घालून, पत्र्याच्या ट्रंकेत तळाला ठेवला. माझ्या मालमत्तेत सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच आहे. तिच्याबद्दल शेवटी.

कलम चौथे: ट्रंकेतली झबली.

वाट बघण्याच्या वर्षांत आई कारखान्यातल्या कापडाच्या तुकड्यांची झबली शिवायची. दवाखान्याच्या झग्यांचेच उरलेले तुकडे, त्यामुळे सगळी झबली एकाच हिरव्या रंगाची आहेत. काजे बघण्यासारखी आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी, आणि एकाचाही दोरा सुटलेला नाही. खरे समजल्यावर तिने ती टाकून दिली नाहीत. "तुझ्या बाळाला होतील," म्हणाली, आणि मग माझे लग्न होईपर्यंत वर्षातून एकदा उन्हात घालत राहिली. दोरीवर ओळीने ती झबली हलताना मी लहानपणापासून बघत आले आहे. कोणी तरी आत्ताच अंगातून काढून खेळायला पळाले आहे असे वाटायचे.

ही झबली नवऱ्याने ठेवावीत. माझ्यानंतर त्याने पुन्हा लग्न केले आणि त्यांना बाळ झाले, तर त्या बाळाला घालावीत. पण आधी त्या बाईला विचारावे, तुला हवीत का. ती नको म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारू नये. ती कोण असेल मला ठाऊक नाही, पण तिचा हेवा मला आतापासूनच वाटतो, हेही नोंदवते. कधी कधी वर्गात मुली प्रयोगाच्या नळीत फुंकर घालताना गाल फुगवतात आणि मला एकदम त्या झबल्यांचे मापच हातात आल्यासारखे होते. अशा वेळी मी फळ्याकडे तोंड करून काही तरी लिहिते.

कलम पाचवे: पुस्तके आणि पदवी.

पुस्तके शाळेला. पदवीचा कागद आईच्या खिडकीशेजारी टांगलेला आहे, तो तिथेच राहावा. आई रोज त्याची काच पुसते आणि पाहुण्यांना म्हणते, "हे आमच्या घरातलं दुसरं बाळ."

कलम सहावे: सासूबाई.

माझी गादीची खुर्ची आणि रेडिओ सासूबाईंना. त्या दोन्हीवर त्यांचा डोळा आहेच. त्यांनी माझ्यासाठी जे केले ते कमी नाही. माझा आजार कळल्यापासून त्या गल्लीत सगळ्यांना सांगतात, "सुनेच्या हृदयाला भोक आहे."

"सासूबाई, भोक नाही, झडप अरुंद आहे."

"झडप म्हटलं की लोक विचारतात कसली झडप. भोक लगेच कळतं. गप्प बसतात."

त्यांना नातवंड हवे होते आणि त्यांनी ते लपवले नाही. पण डॉक्टर म्हणाले, "बाळंतपणात जीवही जाऊ शकतो. काही जणी तरतात, नाही असं नाही," तेव्हा "तरतात" हा शब्द उचलून त्यांनी मला कधी ऐकवला नाही. एवढेच म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत नको गं काही." माझ्या बांगड्या मात्र त्यांनी शोधू नयेत. त्या मी विकल्या. कशासाठी, ते शेवटच्या कलमात आहे.

कलम सातवे: नवरा.

बँकेत जे असेल ते त्याला. तो छापखान्यात जुळारी आहे, जुळवायची शिशाची अक्षरे उलटी वाचतो आणि माणसे सरळ.

दिवस राहण्याची भीती आमच्या अंथरुणात तिसऱ्या माणसासारखी झोपायला लागली, तेव्हा आम्ही ठरवले की कायमचा बंदोबस्त करावा. नळ्या बांधणे, आईवर झाले तेच. दवाखान्याने कार्यालयाकडे पाठवले. दोन मुले नसलेल्या बाईचे ऑपरेशन करायला आता बंदी आहे. खास परवानगी मिळते, पण त्यासाठी नवऱ्याचा अर्ज लागतो. खिडकीतल्या कारकुनाने डॉक्टरांचा कागद वाचून बाजूला सारला.

"वहिनी, आजार आहे म्हणून नको, की मनच नाही म्हणून नको?"

"नको म्हणून नको."

"तसा रकाना नाही. मिस्टरांना पाठवा, ते मागतील तर बघू."

बाहेर येऊन नवरा म्हणाला, "मी लिहितो ना अर्ज. त्यात काय?"

"नको."

"अगं, मी तुझ्याच बाजूचा आहे!"

"म्हणूनच नको. बाबाही आईच्याच बाजूचे होते."

हे त्याला लागले. घरी पोचल्यावर जिना चढताना तो म्हणाला, "मग मी करू तरी काय?" मी म्हटले, "बरोबर चल. सही करू नकोस." त्यालाही बाळ हवे होते, माझ्याइतकेच. छापखान्यातून घरी येताना तो रस्त्यातल्या मुलांशी उगाच बोलत बसतो. तो म्हणाला, "तू आधी. बाकी सगळं नंतर." असे म्हणणाऱ्या माणसाला कार्यालयाने काही विचारायचे असेल तर ते मला विचारावे. उत्तर खाली आहे.

कलम आठवे आणि शेवटचे: माझे शरीर.

सगळ्यात अवघड होते आईला सांगणे. ती भाजी निवडत होती. मी सांगितले. तिचे हात थांबले.

"माझ्यावर झालं ते मी रडून रडून तुला सांगितलं. आणि तू स्वतःच्या पायांनी जाऊन मेजावर झोपणार?"

"आई, ते वेगळं."

"काय वेगळं? सुरी वेगळी असते?"

कॉलेजात ह्याच विषयावर मी निबंध वाचला होता, टाळ्या मिळाल्या होत्या. त्यातले एक वाक्यही आईपुढे उभे राहीना.

"मी असते तर घेतला असता धोका," ती म्हणाली. "तरले असते नाही तर मेले असते."

"हो. तुला विचारलं असतं तर तू हेच सांगितलं असतंस. आणि मला विचारलं तर मी हे सांगते."

ती पुष्कळ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. मग एका दुपारी मी गेले तर खोलीत इस्त्रीचा वास येत होता. तिने हिरवा झगा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बंद ओढून बघ. जुना दोरा आहे, दगा द्यायचा." मी ओढून पाहिले. ते नव्याने शिवलेले होते.

शेजारच्या प्रांतात ऑपरेशनला हा नियम नाही. गेल्या महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, आम्ही तिघे तिथे गेलो. बांगड्या त्यासाठी गेल्या. नवरा आणि आई बाहेरच्या बाकावर डबा मधे ठेवून बसले. आत नर्स म्हणाली, "झगा उलटा घातलात तुम्ही." मी म्हटले, "नाही, हा असाच आहे." तिने निरखून बघितले आणि म्हणाली, "बरा आहे की. कोणी शिवला?"

भूल देण्याआधी तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या उशाशी आल्या. कागद त्यांच्या हातात होता, तरी म्हणाल्या, "आज तुमचं काय करायचंय, ते तुमच्या तोंडून सांगा." मला बाबा आठवले. भावाला घेऊन या म्हणणारे, उघड्या दाराबाहेर थांबलेले. मी रडायला लागले. त्यांनी घाई केली नाही. "थांबायचं का? परत जायचं असेल तर जाता येतं." त्या क्षणी ती खिडकी, ते पूर्वेचे ऊन, दोरीवरची झबली, सगळे आले आणि उभे राहिले. मला ते सगळे हवे होते. आजही हवे आहे.

मी सांगितले. पूर्ण वाक्यात सांगितले. मग बंद सैल वाटले म्हणून स्वतः पुन्हा बांधले आणि झोपले.

हे मी राजीखुशीने केले आहे.

सही: (मी)

साक्षीदार पहिले: वकीलकाका. शरीराचे कलम काढून टाक असे त्यांनी दोनदा सांगितले, मग सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: मुकादमबाई, आता निवृत्त. त्यांना मी घरी जाऊन बोलावले. त्या आल्या, आईसमोर बसल्या, पेन हातात घेतले आणि परत ठेवले. म्हणाल्या, "आधी वाचते." स्वतःबद्दलच्या कलमासकट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून त्यांनी सही केली आहे.

ठिकाण: आईची खोली, खिडकीपाशी.

वेळ: शनिवार, दुपार.